आवाजाचा नमुना

धाराशिवकडच्या आमच्या वाशी तालुक्यात असं एकही गाव नसेल जिथं आमच्या ह्यांचा आवाज पोचला नव्हता. तोंड ओळखणारी माणसं थोडी, आवाज ओळखणारी सगळी. लग्न होऊन आले तेव्हा मला याची गंमत वाटायची. आम्ही बाजारात जायचो, हे मेथीची जुडी उचलून बाईला काहीतरी विचारायचे, आणि ती बाई मान वर करून बघायची. "तुमी ते रिक्षातले का वो?" म्हणायची. मग जुडीत चार काड्या जास्त पडायच्या.

हे रिक्षातून अलाउन्स करायचे. रिक्षा दुसऱ्याची, टपावरचे कर्णे, मशीन आणि माइक आमचा. पोलिओचे डोस, टँकरची वेळ, येरमाळ्याची यात्रा, जयंतीची मिरवणूक, हरवलेलं म्हातारं माणूस, सगळं ह्यांच्या गळ्यातून जायचं. निवडणुकीत तर सकाळी एका पक्षाचं आणि दुपारी त्याच्या विरुद्ध पक्षाचं. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. "गळा त्याचा, बोलणं ज्याचं त्याचं," असं लोक म्हणायचे.

माझ्या सासऱ्यांना मात्र हे काम शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा गावकीची जी कामं सोडली त्यात दवंडीही होती. "माझ्या बापानं टाकून दिलं ते तू पुन्हा उचललंस," असं ते ह्यांना म्हणायचे. हे म्हणायचे, "आबा, तवा हुकूम व्हता. आता लोक मला बोलावत्यात." सासरे उठून आत जायचे. पण जयंतीच्या दिवशी ह्यांचा आवाज गल्लीत घुमला की दारात खुर्ची टाकून ऐकत बसायचे, हेही मी बघितलं आहे.

ह्यांची सुरुवात ठरलेली असायची. "माझ्या मायबहिणींनो आन् भावांनो." बाकी सगळे बंधूंपासून सुरुवात करतात. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "दुपारच्याला गावात कोण आसतं? बायाच. जी ऐकती तिला आधी हाक मारावी."

आमच्या समोरच्या घरात फौजी राहतात. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस, सैन्यात गेला, निवृत्त होऊन परत आला. भाऊ अजून मेंढरं घेऊन फिरतो. फौजी आणि हे एका वर्गात होते, एका बाकावर. सकाळचा चहा फौजी आमच्या ओट्यावर घ्यायचे आणि जगाचं राजकारण तिथंच व्हायचं. दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत नसायचं. फौजींना दिल्ली आवडायची, ह्यांना कुणीच आवडायचं नाही. "म्या सगळ्यांचं बोललोय," हे म्हणायचे, "म्हणून मला ठावं हाय आत काय न्हाय ते."

मागच्या विधानसभेच्या वेळी फौजी एका सकाळी फोन घेऊनच आले. एका मोठ्या नेत्याचा फोन आला होता. नेत्यानं फौजींना नाव घेऊन हाक मारली होती.

"माझं नाव घेतलं लेका. तब्येत कशी हाय म्हणून इचारलं."

"मशीन हाय ते," हे म्हणाले. "एआय म्हणत्यात त्याला. त्याच्या आवाजात मशीन बोलतंय."

"मशीन तर मशीन. इचारलं तर खरं. तुमचा आमदार पाच सालात इचारतो का?"

हे हसले. पण त्या निवडणुकीत ह्यांना काम कमी मिळालं. गाड्या फिरत होत्या, त्यावर पुण्या-मुंबईत बनवलेली रेकॉर्ड वाजत होती. शब्द सगळे शुद्ध. हे ओट्यावर बसून ऐकायचे आणि म्हणायचे, "श्वास घेत न्हाय बघ ह्यो. माणूस एवढं बोलला तर मरंल की."

मी अंगणवाडीत सेविका आहे. आमच्याकडंही ते आलंच होतं. पोषण आहार द्यायचा तर आधी आईचा चेहरा फोनला दाखवायचा, तो जुळला तर पुढं. बाळंतपणात सुजलेली, नाहीतर उन्हानं काळवंडलेली बाई समोर उभी, आणि फोन म्हणतो ही ती नाही. एक बाई माझ्यासमोर पदर सारखा करून दोनदा तीनदा उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, "ताई, म्याच हाय की वो म्या. त्याला सांगा की." मी त्याला काय सांगणार? नेटवर्क नाही म्हणून तिला परत पाठवलं. बायांचं या सगळ्याबद्दलचं मत तेव्हाच ठरून गेलं होतं. मोठ्या माणसांनी आणलेलं आहे, आपल्याला विचारून आणलेलं नाही, आणि आता जायचं नाही.

मग सरहद्दीवर लढाईचं वातावरण झालं तो उन्हाळा. दिवसभर टीव्हीवर सायरन. फौजींच्या घरात गल्लीतली निम्मी माणसं बसलेली असायची. तहसीलमधून ह्यांना बोलावणं आलं आणि हे गावोगाव सांगत फिरले की घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका, आलेला व्हिडिओ पुढं पाठवू नका. घरी आले तर फौजींनी ह्यांनाच एक व्हिडिओ पाठवलेला होता. रात्रीचं आभाळ, खालून वर जाणाऱ्या लाल गोळ्या, विमान पेटतंय.

"ह्यो गेम हाय," हे म्हणाले. "पोरं खेळत्यात तसला."

फौजी चिडले. "तू माइकवर बोलणारा. म्या बंदूक धरलीय. मला शिकवू नको."

दुसऱ्या दिवशी टीव्हीनंच सांगितलं की तो गेम होता. फौजी दोन दिवस ओट्यावर आले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी आले तेव्हा ह्यांनी तो विषय काढला नाही. असं चालायचं. कितीही वाद झाला तरी चहा थांबला नव्हता.

कैक वर्षं लांबलेल्या जिल्हा परिषदेच्या निवडणुका अखेर लागल्या तेव्हा ह्यांचे दिवस पुन्हा आले असं वाटलं. गावातली निवडणूक गावातल्याच आवाजावर चालते. एका उमेदवाराची पोरं आधी आली, मग दुसऱ्याची. हे दोघांनाही हो म्हणाले, नेहमीसारखं. त्यातल्या कुणाबरोबर तरी दोन तरुण आले होते, शर्ट खोचलेले, शहरातले. मला आता कुणाबरोबर आले होते ते आठवत नाही. पोलिसांनी मला हेच परत परत विचारलं आणि मी हेच सांगितलं.

त्यांनी ह्यांच्यासमोर फोन ठेवला. "काका, आवाज लई भारी आहे तुमचा. साउंड चेक करायचाय. काहीबी बोला थोडा वेळ."

"काय बोलू?"

"काहीबी. लहानपणीचं सांगा."

मी आत भाकरी करत होते. हे बोलत होते ते मला ऐकू येत होतं. दुष्काळात आई खडी फोडायला जायची तेव्हा हे तिच्याबरोबर जायचे, झाडाखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे हॉर्न तोंडानं वाजवायचे आणि बाया हसायच्या. शाळेत प्रार्थना म्हणायला पुढं कुणी येत नव्हतं, तर गुरुजींनी ह्यांना उभं केलं, आणि पहिल्यांदा सगळी शाळा गप्प झाली. हे मलाही माहीत नव्हतं. भाकरी तव्यावर करपली तरी मी ऐकत राहिले. ती पोरं अधूनमधून म्हणत होती, "छान, काका. अजून बोला."

मग मतदानाच्या आदल्या आठवड्यात फोनवर एक क्लिप आली. सकाळी मी अंगणवाडीत पोरांना बसवत होते. मदतनीस बाई बाहेरून आली, तिनं माझ्याकडं न बघता फोन पुढं केला.

मी ऐकली. फौजींच्या समाजाच्या बायांबद्दल दोन वाक्यं होती आणि त्यांच्या देवाबद्दल एक. मागं रिक्षाचा आवाज, कर्ण्याची घरघर. आणि आवाज ह्यांचा. नुसता सारखा नाही, ह्यांचाच. शेवटच्या शब्दावर जरा खाली जाणारा, "ळ" जड म्हणणारा. ज्या आवाजानं मला लग्नानंतर पहिल्यांदा हाक मारली तो आवाज ते घाणेरडं बोलत होता. मी दुसऱ्यांदा ऐकली तेव्हा लक्षात आलं की सुरुवात "बंधूंनो" अशी होती. मायबहिणी नव्हत्या.

"हे न्हाईत," मी मदतनीस बाईला म्हणाले. "हे असं सुरू करीत न्हाईत."

ती म्हणाली, "व्हय ताई." पण तिनं फोन काढून घेतला तो माझ्याकडं न बघताच.

मी घरी पळाले. हे ओट्यावर बसले होते, कुणीतरी आधीच ऐकवलं होतं. फौजी समोर उभे होते. रोज बसायचे तिथं बसले नव्हते.

"खरं सांग," फौजी म्हणाले. "म्या काय करणार न्हाय. खरं तेवढं सांग."

"म्या बोललो न्हाय."

"मग आवाज कुणाचा हाय ह्यो?"

ह्यांना खोटं बोलता येत नव्हतं. "आवाज माझाच हाय," म्हणाले. "पण म्या बोललो न्हाय."

"म्हंजी काय?"

"एआय आसंल. त्या पोरांनी काय तरी केलं आसंल."

"आता जो सापडतो त्यो एआय म्हणतो," फौजी म्हणाले. "परवा एका पुढाऱ्याची क्लिप निघाली, त्यो म्हणाला, एआय हाय. त्याची बायकू म्हणाली, खरं हाय. कुणाचं धरायचं?" मग आवाज उतरवून म्हणाले, "शाळंपासनं ऐकतोय म्या तुला. हजारात वळखीन. माझे कान खोटं बोलत्यात का?"

ह्यांना ओळखणारी सगळी माणसं ह्यांना आवाजानं ओळखत होती. त्यामुळं ओळख जितकी जुनी तितका विश्वास पक्का बसला. परक्या माणसाला शंका आली असती. आमच्या माणसांना आली नाही.

दुपारपर्यंत लोक जमले. काही फौजींच्या भावकीतले, बरेचसे कुठले ते मला माहीत नाही. शिव्या झाल्या, कर्णे रिक्षावरून ओढून काढले आणि रस्त्यावर लाथांनी चेपले. ह्यांच्या अंगाला कुणी हात लावला नाही, कारण फौजी आमच्या दारात हात पसरून उभे राहिले. त्यांनी आत येऊ दिलं नाही कुणालाच. पण आमच्याकडं तोंड करून ते एकदाही बोलले नाहीत.

याहून वाईट गोष्ट दुसरी होती. लोक गेल्यावर आमच्याच समाजातला, गल्लीतला एक माणूस मागच्या दारानं आला, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बोललास ते बरंच झालं. कुणीतरी बोलायलाच पायजे व्हतं."

ह्यांनी त्याचा हात खाली केला. "म्या बोललो न्हाय," म्हणाले.

"आसू दे, आसू दे," तो म्हणाला आणि डोळा मिचकावून गेला.

दोन्ही उमेदवारांनी ह्यांच्याबद्दल हा माणूस आमचा नाही म्हणून जाहीर केलं. एकानं म्हटलं त्यानं पाठवला, दुसऱ्यानं म्हटलं ह्यानं. जो तो दुसऱ्याचं कारस्थान म्हणून मतं मागत होता. ह्यांना कुणीच विचारत नव्हतं. पोलीस संध्याकाळी आले आणि तुमच्याच भल्यासाठी म्हणून ह्यांना ठाण्यात बसवून ठेवलं.

अधिकारी तरुण होता. वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. मी सकाळी गेले तर त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी त्याला मायबहिणींचं सांगितलं. इतकी वर्षं एकदाही हे "बंधूंनो" म्हणाले नाहीत, कुणालाही विचारा म्हटलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. "मला पटतंय ताई," तो म्हणाला. "पण असं कोर्टात चालत नाही. आवाजाचा नमुना घ्यावा लागेल. तो लॅबला जाईल. लॅबनं सांगितलं की मोकळे."

मला बरं वाटलं. लॅब म्हणजे शास्त्र. शास्त्राला जात नाही, गाव नाही.

ह्यांना घरी सोडलं आणि नमुना घ्यायचा दिवस ठरला. परवानगीचे कागद झाले, साक्षीला पंच आले. खोलीत एक महिला शिपाई मशीन घेऊन बसली होती. ती फौजींच्याच समाजातली होती, मी तिला तिच्या बाळंतपणापासून ओळखत होते. मला कोपऱ्यात बसू दिलं. अधिकाऱ्यानं ह्यांच्या हातात एक टाइप केलेला कागद दिला.

ह्यांनी वाचला आणि वर बघितलं. "हे तर तेच हाय."

"हो काका. तुलना करायची तर तेच शब्द लागतात. त्याशिवाय लॅबला कळत नाही."

"म्या म्हणलो न्हाय ते म्या म्हणलो न्हाय म्हणून दावाया मला म्हणावं लागणार?"

अधिकाऱ्यानं पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाला, "पद्धत आहे काका. नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. पण नाही म्हणालात तर लोक काय समजतील ते बघा."

हे माझ्याकडं बघत होते. मी मान हलवली. वाचा म्हणून हलवली. मला सुटका दिसत होती.

ह्यांनी तोंडातल्या तोंडात वाचलं. महिला शिपाई खाली बघत होती. अधिकारी म्हणाला, "असं नाही चालणार. मूळ क्लिपमध्ये मोठा आवाज आहे. तुम्ही रिक्षात बोलता तसं बोला."

ह्यांनी पाणी मागितलं. प्यायले. मग उभे राहिले, कारण हे कधी बसून बोलले नव्हते. आणि पूर्ण गळ्यानं ती वाक्यं म्हणाले. एकदा झालं तर पुन्हा म्हणायला लावलं, मग सावकाश, मग पुन्हा. शेवटी शेवटी ह्यांचा आवाज अगदी क्लिपसारखा झाला. शेवटच्या शब्दावर खाली गेला. महिला शिपाई मशीनवर बोट ठेवून बसली होती आणि तिच्या डोळ्यातून पाणी गळत होतं. तिनं ते पुसलंही नाही.

खिडकी उघडी होती. बाहेर आवारात आपापल्या कामाला आलेली माणसं बसली होती. आम्ही बाहेर आलो तेव्हा ती सगळी उठून बाजूला सरकली. संध्याकाळी तालुकाभर झालं होतं की ठाण्यात कबूल केलं, साहेबासमोर पुन्हा तेच बोलला, आमी आमच्या कानांनी ऐकलं. आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी कानांनीच ऐकलं होतं.

घरी येऊन हे न जेवता भिंतीला टेकून बसले. मी म्हटलं, "झालं आता. लॅब सांगंल."

"काय सांगंल?" हे म्हणाले. "सकाळपतुर म्या बोललो नव्हतो. आता बोललोय."

त्यानंतर ह्यांचं बोलणं आटत गेलं. दुखणं नव्हतं. मी धाराशिवला नेऊन घशाच्या डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला गळा चांगला आहे. पाणी दे, चहा ठेव, एवढं बोलायचे. जास्त बोलायला लागले की मध्येच थांबायचे आणि स्वतःचंच ऐकल्यासारखं करायचे. जयंतीला पोरं बोलवायला आली. "काका, आपल्यातल्या आपल्यात तरी बोला," म्हणाली. ह्यांनी हात जोडले. त्या वर्षी मिरवणुकीत मोबाईलवरची रेकॉर्ड लावली.

निवडणूक होऊन गेली. एक निवडून आला, गुलाल उधळला, आणि पुढच्या महिन्यात दोघं एका लग्नात शेजारी शेजारी जेवत होते. त्या पंगतीतला फोटो मला मदतनीस बाईनं दाखवला. तिचं म्हणणं, "त्यांचं काय जातंय ताई. भांडायला आपुन हाव की." ती आता कुणालाच मत देणार नाही म्हणते. मी तिला समजवायला पाहिजे, सेविका आहे मी. मला समजावता आलं नाही.

रिपोर्ट पावसाळ्यात आला. अधिकाऱ्याची तोवर बदली झाली होती, पण त्यानं नव्या गावाहून स्वतः फोन केला. रेकॉर्डिंग माणसानं बोललेलं नाही, यंत्रानं बनवलेलं दिसतं, असं त्यात होतं. कुणी बनवलं ते सापडलं नाही. "काकांना सांगा, ते निर्दोष आहेत," तो म्हणाला. मी सांगितलं. हे "बरं" म्हणाले आणि दाराच्या बिजागरीला तेल घालत होते ते घालत राहिले.

मी ठाण्यातून रिपोर्टचे कागद आणले आणि फोनवर फोटो काढून सगळ्यांना पाठवले. ज्या ज्या ग्रुपवर ती क्लिप फिरली होती तिथं टाकायला लावले. क्लिप एका सकाळीत सगळ्या तालुक्यात गेली होती. कागद कुणी पुढं पाठवला नाही. एका ग्रुपवर कुणीतरी खाली लिहिलं, रिपोर्ट तरी खरा कशावरून, तोही एआयनं बनवता येतो. त्याला बऱ्याच लोकांनी अंगठा दिला. मी त्या माणसाला शिव्या घातल्या मनातल्या मनात. पण नंतर विचार केला की मला जर कुणी दुसऱ्याचा असा कागद पाठवला असता, तर मी काय मानलं असतं?

फौजी मात्र आले. रिपोर्ट वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. मग खूप दिवसांनी ओट्यावर आपल्या जागी बसले. मी चहा दिला.

"चुकलं माझं," ते ह्यांना म्हणाले.

ह्यांनी मान हलवली. राग नव्हता. मला वाटलं आता गाडी रुळावर येईल.

फौजींनी चहा संपवला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "वहिनी, म्या टीव्ही बंद केला घरातला. सरहद्दीवरचं दावत्यात, आमच्या पोरांचं. एक जवान बोलत व्हता, माझ्याच पलटणीचा. म्या उठून बंद केलं. म्हणलं, ह्याला आई-बाप हायेत का ह्यो मशीननं बनवलाय, मला काय ठावं? खरा आसंल तर मरतोय तिकडं बिचारा. आन् म्या हितं बसून म्हणतोय, खरा कशावरून."

"आसं करू नका भावजी," मी म्हणाले.

"काय करू मग? पहिलं सगळं खरं वाटायचं. आता सगळंच खोटं वाटतंय. ह्याच्यातलं चांगलं कुठलं ते सांगा."

ते ह्यांच्याकडं वळले. आधी असं काही बोललं की हे लगेच उलटं बोलायचे, मग तासभर वाद. फौजी वाट बघत होते. ह्यांनी रिकामा कप खाली ठेवला आणि आत गेले. फौजी अजूनही येतात. दोघं बसतात. फौजीही आता फारसं बोलत नाहीत.

आमची मुलगी पुण्यात नर्स आहे. तिच्या दवाखान्यातल्या एका बाईला आपल्या भावाच्या आवाजात फोन आला होता, अपघात झालाय म्हणून. भाऊ घरात झोपलेला होता. त्या दिवशीच मुलीनं मला बजावलं, "मम्मी, माझ्या आवाजात कुणी काही सांगितलं, रडलं, बोलावलं, तरी लगेच खरं मानू नका. आधी मला काहीतरी विचारा." मी हो म्हटलं. ह्यांना सांगितलं नव्हतं, उगीच डोक्याला ताप म्हणून. पण ह्यांनी बाजूला बसून ऐकलं असावं.

परवा दुपारी फोन वाजला. हे जवळ होते, त्यांनी उचलला. ती नेहमीसारखं म्हणाली असेल, पप्पा, जेवलात का. ह्यांनी फोन कानापासून लांब धरून तिचं नाव आलंय का ते बघितलं, पुन्हा कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं. आणि माझ्यापुढं केला.

"बघ बरं," म्हणाले. "तीच हाय का."

मी ऐकलं. ती "पप्पा, ऐकू येतंय का" म्हणत होती. मागं गाड्यांचे आवाज होते.

"तीच हाय," मी म्हणाले.

"कशावरून?"

मी फोन हातात धरून उभी राहिले, आणि ती तिकडून हाका मारत राहिली.